३०० मीटर, दोन तास

गेल्या शनिवारी पाचवीतली सव्वीस मुलं घेऊन जंगलात निसर्ग बघायला गेलो होतो आम्ही, तीन व्हॉलंटियर आणि दोन टीचर, आणि दोन तासांत चाललो किती तर जेमतेम ३०० मीटर. ठरलं होतं तळ्यापर्यंत जायचं. एक बाई मला मधूनमधून म्हणत होत्या की अहो तळं राहिलं की, सरकूया ना आता पुढे, आणि मी दर वेळी हो हो जाऊया म्हणायचे आणि तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडायचं, ताईईई इकडे या लवकर! तळं राहिलंच शेवटी. बाई जराशा नाराज झाल्या असाव्यात, त्यांनी वर्गात तळ्याबद्दल शिकवून आणलं होतं, त्यांचंही बरोबरच आहे. पण मला विचाराल तर सहा वर्षांतली ही माझी सगळ्यात चांगली ट्रिप, आणि ती का चांगली झाली हे आठवडाभर डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहायला बसले. शिवाय तीन-चार जणांनी मेसेज करून विचारलंय की आम्हालाही व्हॉलंटियर म्हणून यायचंय, काय काय यायला लागतं, तर त्यांचं उत्तरही यातच येईल.

माझी पहिली ट्रिप मला अजून लख्ख आठवते. रात्र रात्र जागून चाळीस झाडांची नावं पाठ केली होती, शास्त्रीय नावांसकट, प्रत्येक झाडाचा उपयोग, पानांचा आकार, फुलं कधी येतात, सगळं. तीन किलोमीटरची चक्कर आखली होती आणि मी सगळ्यात पुढे, मोठ्या आवाजात सांगत सांगत चाललेली. मुलं गुणी होती, ऐकत होती, वहीत लिहूनही घेत होती. परत येताना बसमध्ये मात्र सगळी बस एकाच गोष्टीबद्दल बोलत होती, ती म्हणजे रांगेतल्या शेवटच्या सहा-सात मुलांना सापडलेला एक मेलेला भुंगा. हिरवा चमकणारा, पाठीवरचं कवच उघडं पडलेलं आणि त्याखाली घडी घातलेले पातळ पंख, आणि त्याला ओढून नेणाऱ्या मुंग्या. त्यांनी तो कसा पाहिला, कोणी पहिल्यांदा पाहिला, मुंग्या त्याला दगडावरून कशा चढवत होत्या, हे सगळं ती बाकीच्यांना रंगवून सांगत होती आणि मी पुढच्या सीटवर बसून ऐकत होते. मी तो भुंगा पाहिलाच नव्हता. मी साठ-सत्तर पावलं पुढे होते, एकतिसाव्या झाडाबद्दल बोलत. खरी ट्रिप रांगेच्या शेपटीला चालली होती आणि मी तिथे नव्हतेच.

तेव्हापासून मी शक्यतो शेपटीला चालते. पुढे चालायला एक अनुभवी माणूस लागतंच, वाट माहीत असलेलं, वेग सांभाळणारं, पण मागे रेंगाळणारी जी मुलं असतात ना, ज्यांना सगळीकडे चला चला लवकर ऐकायला मिळतं, त्यांना दिसत असतं बरंच काही. ती हळू चालतात म्हणून मागे पडतात असं आपल्याला वाटतं, पण ती मागे पडतात कारण ती थांबून बघत असतात.

शनिवारी पहिला ब्रेक लागला तो मुंग्यांमुळे. वाट ओलांडून जाणारी रांग, अगदी शिस्तीत. एकाने विचारलं, यांना रस्ता कसा कळतो? आता याचं उत्तर मी एका वाक्यात देऊ शकले असते, की बऱ्याच जातींच्या मुंग्या चालताना जमिनीवर वासाची खूण सोडतात आणि मागच्या मुंग्या त्या वासावर चालतात. पण मी म्हटलं, तुम्हाला काय वाटतं? मग सुरू झालं. एक म्हणाली पुढची मुंगी बघून मागची चालते, एक म्हणाला त्यांना पाठ असतो, एकाने सांगितलं त्या जमिनीला तोंड लावून काहीतरी विचारतात. मग मी विचारलं की यातलं कोणाचं बरोबर हे मुंग्यांना त्रास न देता कसं शोधायचं, आणि पाच मिनिटं डोकी लढवून त्यांनीच ठरवलं की रांगेत मोकळी जागा आली की मधल्या पट्टीवरून एकदा बोट घासायचं. घासलं. पुढून आलेली मुंगी त्या जागेपाशी येऊन थबकली, मिशा हलवत डावीकडे उजवीकडे फिरली, मागून दुसरी आली तीही थांबली, आणि तिथे एक छोटासा ट्रॅफिक जाम झाला. सव्वीस डोकी जमिनीवर वाकलेली आणि कोणी श्वाससुद्धा घेत नाहीये. थोड्या वेळाने एकीने पलीकडची वाट शोधली, मग हळूहळू रांग जुळली. जिने 'बघून चालते' म्हटलं होतं ती स्वतःच म्हणाली, मग बघून नाही, वास येत असेल. बस्स, मला एवढंच हवं होतं. त्यावर मी एक गोष्ट जोडली की या रांगेतल्या सगळ्या मुंग्या बायका आहेत, कामकरी मुंग्या माद्याच असतात, तर मुलींनी अशी काही आरोळी ठोकली की दोन पक्षी उडाले. आणि जगात मुंग्या किती असं विचारल्यावर सांगितलं की २०२२ मध्ये शास्त्रज्ञांनी अंदाज बांधला तो साधारण २० हजार लाख कोटींचा, तर एक मुलगा वहीत शून्यं काढत बसला, पुढची दहा मिनिटं.

यात गेली पंचवीस मिनिटं. अंतर, वीस मीटर.

ज्यांना यायचंय त्यांना पहिली गोष्ट ही सांगीन की सगळी नावं यायला लागत नाहीत. सगळ्यात मोठी भीती लोकांना तीच असते, मुलाने विचारलं आणि मला आलं नाही तर? अहो, नाहीच येणार. एका पाचोळ्याच्या ढिगात जेवढे जीव असतात त्यातले बरेच मोठमोठ्या तज्ज्ञांनाही भिंगाशिवाय ओळखता येत नाहीत. अमेरिकेत १८९०च्या दशकात कॉर्नेल विद्यापीठातून अ‍ॅना कॉमस्टॉक नावाच्या बाईंनी खेड्यातल्या शाळांसाठी निसर्ग-अभ्यासाचं काम उभं केलं, तेव्हा शिक्षकांची अडचण हीच होती की आम्हाला येत नाही तर शिकवू कसं, आणि बाईंचं म्हणणं असं की 'मला माहीत नाही' हे शिक्षकाला मोकळेपणाने म्हणता आलं पाहिजे, मग मुलं आणि शिक्षक मिळून शोधतात. सव्वाशे वर्षं झाली या गोष्टीला आणि मला हे कळायला माझ्या दोन वर्षांच्या ट्रिपा जाव्या लागल्या. आता मी बिनधास्त म्हणते, मला नाही माहीत, चल बघूया. मुलाचा चेहराच बदलतो हो. इतका वेळ ते मला प्रश्न विचारत असतं, आता आम्ही दोघं शेजारी शेजारी बसून त्याच किड्याला प्रश्न विचारायला लागतो.

पण नाव नाही सांगायचं म्हणजे काहीच तयारी नको असंही समजू नका, उलट मेहनत जास्त आहे. मी ट्रिपच्या आदल्या दिवशी किंवा फार तर दोन दिवस आधी त्या वाटेवरून एकटी जाऊन येते, आणि साधारण त्याच वेळेला, कारण सकाळी आठला जिथे सावली असते तिथे साडेदहाला ऊन असतं आणि उन्हात मुलांचं लक्ष टिकत नाही. मधमाश्यांचं पोळं कुठे आहे, खाजरी झाडं कुठे, मोडलेली फांदी कुठे लटकतेय, निसरडं कुठे, पाण्याची कडा कुठे धसते, आणि गाडी कुठवर येऊ शकते. या शेवटच्या गोष्टीचा विचार कोणी करत नाही, पण एखाद्याचा पाय मुरगळला तर तेच महत्त्वाचं. मुलांची अ‍ॅलर्जी, दमा, कोणाचं इनहेलर कोणाच्या बॅगेत आहे, ही यादी टीचरकडून आधी लेखी घ्यायची म्हणजे घ्यायचीच. सहा ते आठ मुलांमागे एक मोठं माणूस, मुलांच्या जोड्या लावलेल्या, आणि दर थांब्याला मोजणी. मोजणी मोठ्याने करायची, मुलांनाच नंबर म्हणायला लावायचे, त्यांना तो खेळ वाटतो. आणि विजेचं. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजायचे, तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर, तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर ताबडतोब पक्क्या इमारतीत किंवा बसमध्ये, झाडाखाली मुळीच नाही, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही. हे मी दोनदा वापरलंय. दुसऱ्या वेळी मुलं हिरमुसली, एक टीचर म्हणाल्या अहो एवढा काही पाऊस नाहीये, पण मी ऐकलं नाही. या बाबतीत मी कोणाचंच ऐकत नाही.

शनिवारी दुसरा मुक्काम पडला तो दगडापाशी. दगड उलटायचा तर आपल्याकडे उचलायचा, म्हणजे खालचा प्राणी पलीकडे पळून जाईल आणि पायावर येणार नाही, बघायचं आणि होता तसाच परत ठेवायचा, कारण त्याखालचा अंधार आणि ओल हेच कोणाचं तरी घर आहे. खाली निघाली गोम. अर्धी मुलं मागे, अर्धी पुढे. शंभर पाय असतात ना हिला? मोजता येत नव्हते, ती पळत होती, पण मी सांगितलं की गोमीच्या पायांच्या जोड्या नेहमी विषम असतात, १५ पासून १९१ पर्यंत, त्यामुळे बरोब्बर शंभर पाय, म्हणजे ५० जोड्या, कधीच नसतात. गणिताची आवड असलेला एक मुलगा होता तो एकदम पुढे आला, इतका वेळ तो कंटाळून उभा होता. मग त्याने विचारलं, हजार पायांची असते का कुठे? असते! ऑस्ट्रेलियात जमिनीत साठ मीटर खोल एक वाणी, म्हणजे मिलिपीड, सापडली, तिचे पाय मोजले तर १३०६, आणि ही बातमी आली २०२१ मध्ये, म्हणजे तो मुलगा जन्मल्यानंतर. अजून सापडायचं बाकी आहे म्हणजे, असं तो म्हणाला. मी हो म्हटलं आणि गप्प बसले. यापुढे बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतंच.

भीतीबद्दल थोडं सांगते. एक मुलगी गोम दिसल्यापासून टीचरचा हात सोडत नव्हती. पूर्वी मी अशा मुलांना म्हणायचे, घाबरायचं काय त्यात, हे बघ मी हातात घेते, आणि मला वाटायचं मी त्यांची भीती घालवतेय. ते चुकीचं होतं. भीती वाटणारं मूल त्यामुळे आणखी एकटं पडतं. आता मी त्याला लांब उभं राहायचं काम देते, म्हणजे तू तिथून बघ आणि वेळ लाव, ती किती सेकंदांत पाचोळ्यात शिरते ते आम्हाला सांग. काम मिळालं की मूल लांबून का होईना पण बघतं, आणि पुढच्या दगडाला स्वतःहून दोन पावलं जवळ येतं. आणि कोणी किडा पायाखाली चिरडला तर ओरडायचं नाही, हे मला फार जड जातं पण नाही ओरडायचं. बसायचं त्याच्या शेजारी आणि जे राहिलंय ते बरोबर बघायचं. बहुतेक वेळा ते मूल स्वतःच हळूच विचारतं, याला लागलं असेल का.

आणखी एक, आणि हे माझं ठाम मत आहे. लहान मुलांना पहिल्याच ट्रिपला पृथ्वी बुडणार, जंगलं संपणार, हे सांगू नका. मला कळतं सांगावंसं का वाटतं, मलाही रात्री झोप लागत नाही कधीकधी ते सगळं वाचून. पण नऊ वर्षांच्या मुलाच्या हातात त्याचं काय आहे? ज्या झाडाशी अजून ओळखच झाली नाही ते मरणार आहे म्हणून सांगितलं तर त्याला रडू येतं किंवा ते कान बंद करून घेतं. १९७७ साली तेव्हाच्या सोव्हिएत जॉर्जियातल्या तिबिलिसीला युनेस्कोने पर्यावरण शिक्षणावर पहिली मोठी आंतरसरकारी परिषद भरवली, तेव्हा या शिक्षणाची उद्दिष्टं पाच गटांत मांडली होती, जाणीव, ज्ञान, दृष्टिकोन, कौशल्यं आणि सहभाग. ज्ञान त्यातलं एक. आपण मात्र बऱ्याचदा त्या एकावरच सगळा वेळ घालवतो, माहितीचे बोर्ड, माहितीचे पेपर, माहितीची क्विझ. जाणीव पहिली आहे त्या यादीत, आणि ती यायला मुलाला त्या जागेत बसू तर दिलं पाहिजे ना.

शाळांना पटवताना मात्र मी आकडे वापरते, लपवत नाही. चीनमधल्या ग्वांगझूमध्ये बारा शाळांमधल्या पहिलीच्या मुलांवर एक अभ्यास झाला होता, २०१५ मध्ये छापून आला, त्यात निम्म्या शाळांत रोज ४० मिनिटं जास्तीचा मैदानावरचा तास ठेवला तर तीन वर्षांत त्या मुलांपैकी ३०.४ टक्क्यांना लांबचं धूसर दिसण्याचा दोष (मायोपिया) आला, बाकीच्या शाळांत ३९.५ टक्क्यांना. एवढं सांगितलं की परवानगीच्या अर्जावर सही जरा लवकर होते. पण मी स्वतः काही चष्म्याच्या नंबरासाठी शनिवारी पहाटे उठत नाही.

शेवटच्या अर्ध्या तासात मी दोरीचा खेळ ठेवते. प्रत्येकाला साधारण हातभर दोरी, टोकं बांधून त्याचं कडं करायचं, आपल्याला हव्या त्या जागी जमिनीवर ठेवायचं आणि पंधरा मिनिटं फक्त त्या कड्याच्या आत काय आहे ते बघायचं, भिंग घेऊन. बोलायचं नाही. पहिली दोन मिनिटं काही नाहीये इथे ताई, माती आहे नुसती, अशी कुजबुज येते आणि तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला ती आपोआप थांबते. ती शांतता मला फार आवडते, आम्ही मोठी माणसं एकमेकांकडे बघतो आणि कोणी हलत नाही.

सगळ्यात मागे, रांगेच्या अगदी शेपटीची एक मुलगी होती. पूर्ण सकाळ एक शब्द बोलली नव्हती, टीचर म्हणाल्या वर्गातही ती अशीच असते. तिने कडं ठेवलं होतं एका चपट्या दगडावर अर्धं आणि जमिनीवर अर्धं. मी तिच्याजवळ जाऊन नुसती बसले. बऱ्याच वेळाने तिने दगडावरच्या राखाडी-हिरव्या चकत्यांवर बोट ठेवलं. दगडफूल. मी हळू आवाजात सांगितलं की हे एक झाड नाहीये, बुरशी आणि शेवाळ असे दोघं मिळून राहतात, बुरशी आधार देते आणि शेवाळ उन्हात दोघांचं अन्न बनवतं. आणि याला घाणेरडी हवा सोसत नाही, १८६६ मध्ये विल्यम नायलँडर नावाच्या शास्त्रज्ञाने पॅरिसच्या एका बागेतली दगडफुलं बघून सांगितलं होतं की यांच्यावरून हवा कशी आहे ते कळतं. तिने विचारलं, मग इथली चांगली आहे? मी म्हटलं, याला तरी चालतेय. हे वाढतं कसं? हळू. बरीच दगडफुलं वर्षाला एखाददोन मिलिमीटर, काही तेवढीही नाही. तिने चकतीवर बोटाने माप घेतलं, अंगठ्याच्या नखाएवढी होती, आणि मग माझ्याकडे बघून म्हणाली, म्हणजे ही माझ्याएवढी असेल. असू शकेल की! तिच्या कड्याच्या दुसऱ्या अर्ध्यात गोगलगायीचा एक रिकामा शंख होता, त्यात एक बारीक मुंगी जात होती आणि बाहेर येत होती, ते तिने कागदावर काढलं होतं, मुंगीच्या वाटेसाठी बाण दाखवून.

निघायची वेळ झाली तेव्हा ती म्हणाली, दोरी इथेच ठेवू का, म्हणजे सापडेल परत. मला नाही म्हणावं लागलं, जंगलात आपण काही ठेवून यायचं नाही हा नियम मीच सकाळी सांगितला होता, दोरीत पाय अडकून पक्षी मरतात हेही सांगितलं होतं. तिने वाद घातला नाही. दोरी सोडवून माझ्या हातात दिली आणि वाकड्या खोडाच्या मोठ्या झाडाला पाठ लावून तिथून दगडापर्यंत पावलं मोजत गेली. एकोणीस. कागदाच्या कोपऱ्यात १९ लिहिलं आणि बसकडे पळाली.

येत्या शनिवारी दुसऱ्या शाळेची मुलं आहेत, म्हणून काल मी पाहणीला गेले होते. वाकड्या झाडाला पाठ लावून एकोणीस पावलं चालले तर थेट झुडपात पोचले, दगड कुठेच नाही. परत मागे आले. मग लक्षात आलं, आणि या वेळी तिच्या पावलांनी चालले, टाचेपुढे जेमतेम वीतभर अंतर ठेवत, हळू. एकोणिसाव्या पावलाला दगड होता, नखाएवढी चकती होती, आणि शंख थोडा पलीकडे सरकला होता.